मनावर घेतलं तर

त्या दिवशी बदनापूरला गाडीत चढले तेव्हा खिडकीजवळची जागा मिळाली, आणि तिथंच माझं बिनसलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कॉलेज जालन्याला. रोजचीच पॅसेंजर, रोजचाच रस्ता, डब्यातले निम्मे लोक तोंडओळखीचे. निघताना आईनं पुन्हा पुन्हा विचारलं होतं, अ‍ॅप्रन घेतला का, पेन घेतला का, हॉल तिकीट घेतलं का. सगळं घेतलं होतं. पिशवी मांडीवर होती आणि हात पिशवीवर.

बाहेर कुणीतरी बांधावरचं वाळलेलं गवत पेटवलं होतं. उन्हात जाळ दिसत नव्हता, नुसती त्याच्यावरची हवा हलताना दिसत होती. त्या हवेकडं बघता बघता मनात आलं, हवा हलते म्हणजे नेमकं काय हलतं. मग त्यावरून रॉकेलचा वास, त्यावरून आमच्याकडचा रेशन दुकानदार, त्याचा तुटका दात, दात कशाचा बनलेला असतो, कॅल्शियम, कॅल्शियमची ज्योत कोणत्या रंगाची. म्हणजे मी अभ्यासाच्याच आसपास होते. गाडी थांबली. डबा रिकामा होऊ लागला. मी पाटी वाचली, जालना, सगळ्या लिप्यांत वाचली. एका बाईंना टोपली उतरवून द्यायला मदतसुद्धा केली. आणि परत खिडकीत येऊन बसले. इथं आपल्याला उतरायचंय, ही गोष्ट डोक्यात आलीच नाही. गाडी हलली, स्टेशनाची इमारत मागं गेली, तेव्हा आली.

पुढच्या लहान स्टेशनावर उतरले. परतीची गाडी दुपारनंतर होती. शेतांतून रस्त्यापर्यंत चालत गेले, कडबा भरलेल्या एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले आणि कॉलेजात पोचले तेव्हा पहिली तुकडी परीक्षा देऊन बाहेर पडत होती. आमचे सर भले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर त्यांनी मला उभं केलं.

"गाडी लेट होती का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. मी उतरले नाही."

"झोप लागली होती?"

"नाही सर."

"मग?"

मी पिशवीतून हॉल तिकीट काढून पुढं धरलं. झोप लागली म्हणाली असतीस तरी चाललं असतं, असं सर नंतर म्हणाले. परीक्षकांना वाटलं, मुलगी उद्धट आहे. तरी त्यांनी दुसऱ्या तुकडीत बसू दिलं. ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि फ्लास्कमधल्या पाण्याला फिकी गुलाबी छटा आली की थांबायचं, एवढंच काम. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी हातून नळी फुटली, मी तिकडं बघितलं, परत वळते तर फ्लास्कमध्ये जास्वंदीसारखा भडक रंग. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या वर्षी माझा विषय राहिला.

घरी कुणी आरडाओरड केली नाही. आई म्हणाली, "पोटात दुखून राह्यलं असलं तर सांगायचं होतं बाई." तिला निदान दुखण्याचं तरी कारण हवं होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते शेतावरून आले, हातपाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू मनावरच घेत न्हाई. मनावर घेतलं तर काय हाये त्याच्यात."

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत होते. आणि ते म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकत होतं? थोरल्या भावाच्या लग्नात मी अंगणभर रांगोळी काढली होती. सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. जेवणासाठी हाका मारल्या त्या ऐकू आल्या नाहीत, पायाला मुंग्या आल्या ते कळलं नाही. पाहुणे रांगोळीच्या कडेनं जपून चालत होते. ती रांगोळी सगळ्या नातेवाइकांच्या लक्षात राहिली. जी पोरगी दिवसभर जागची उठत नाही, तिला घटकाभर पुस्तक घेऊन बसता येत नाही, हे कुणाला पटणार? मलाही पटत नव्हतं. मलाही वाटायचं की आपल्यात कुठंतरी एक खुंटी आहे, ती पिळली की सगळं सुरू होईल, आणि आपण आळशीपणानं ती पिळत नाही. त्या खुंटीला मी मनातल्या मनात किती शोधलं असेल.

राहिलेल्या विषयाची परीक्षा दिवाळीच्या आधी होती. तेव्हा मला मैत्रिणीनं तारलं. ती माझ्याच वर्गातली, पास झालेली. कुंडलिका नदीच्या पलीकडं, जुन्या जालन्यात तिचं घर. घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि माझ्याशी दोन्हीची खिचडी. तिच्या अम्मी शिवणकाम करायच्या, आणि आता कॉलेज संपल्यावर तीही ओढण्यांना क्रोशाची लेस लावून द्यायची. मी एकदा रडवेली होऊन तिच्याकडं गेले. म्हणाले, पुस्तक उघडलं की चौथ्या ओळीवर माझं डोकं उठून चालायला लागतं. ती म्हणाली, "यहां बैठ के पढ. मैं बैठीच हूं."

ती काही शिकवत नव्हती. विचारत नव्हती. दिवाणावर पाय वर घेऊन लेस विणत बसायची, आणि मी खाली चटईवर. पण ती बसलेली असली की मलाही बसता यायचं. माझं डोकं निघालंच बाहेर, तर तिच्या हातातली सुई हलताना दिसायची, आणि ती काम करतेय म्हणजे आपणही काम करतोय हे आठवायचं. मी परत ओळीवर यायचे. अम्मी मधूनच चहा आणून ठेवायच्या. रोज सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. माझं स्टेशन चुकू नये म्हणून तिनं एक युक्ती केली होती. ती तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन फलाटावर येऊन उभी राहायची. ती दिसली की मी उतरायचे.

"मैं करती क्या हूं ऐसा?" एकदा तिनं विचारलं. "कुछ बी तो नै."

मी परीक्षा पास झाले. बरे गुणही पडले. घरी पेढे आणले आणि अण्णा आलेल्या-गेलेल्याला सांगू लागले, "यंदा मनावर घेतलं पोरीनं."

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि ती परभणीला गेली. तिच्या निकाहाला मी होते. सगळ्या मुली हसत होत्या, मेंदी बघत होत्या. मी मात्र एका कोपऱ्यात बसून हाच विचार करत होते की आता माझं काय होणार. स्वतःचीच लाज वाटण्याइतकं ते खरं होतं.

पुढचं वर्ष मी घरी राहून एम.एस्सी.च्या प्रवेशाची तयारी केली, म्हणजे करायला बसले. खोलीचं दार लावून घ्यायचे. टेबल आवरायचे. पुस्तक उघडायचे. समोर सगळं असायचं, वेळ असायचा, इच्छाही असायची, आणि हात उचलून पान उलटणं होत नसायचं. बाहेरून बघणाऱ्याला मी आरामात बसलेली दिसले असते. आत मात्र मी स्वतःला ढकलत असायचे, जसं चिखलात रुतलेल्या बैलाला लोक मागून ढकलतात. दुपार झाली की घामानं अंग भिजलेलं असायचं आणि पान तेच.

मी आईला म्हणाले, तू माझ्याजवळ बस. ती बसली, तूर निवडत. पण तिला घर होतं, गोठा होता, दर थोड्या वेळानं उठावं लागायचं, आणि ती उठली की तिच्यामागं माझंही चित्त उठायचं. एक दिवस अण्णाच येऊन बसले. त्यांना वाटलं, बसायचं म्हणजे राखण करायची. ते मांडी घालून, ताठ, माझ्याकडं एकटक बघत बसले. पिकातल्या पाखरांकडं बघावं तसं. मी पुस्तकात डोळे घालून होते आणि मला अक्षरं दिसत नव्हती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "झालं का वाचून?"

"न्हाई अण्णा."

"मंग मी बसून काय उपयोग," असं म्हणून ते उठून गेले. रागानं नाही गेले. हरल्यासारखे गेले.

त्यानंतरच्या चतुर्थीला ते मला राजूरच्या गणपतीला घेऊन गेले. बुद्धीचा देव, तो काहीतरी करील. दर चतुर्थीला जायचं, असं त्यांनी आधीच मनात धरलं होतं. राजूरला त्या दिवशी ही गर्दी. नारळ, दूर्वा, पेढ्यांची दुकानं, रांगेत घुसणारी पोरं. मी सगळीकडं बघत होते, आणि रांगेत पुढं सरकायचं विसरले की अण्णा कोपराला धरून पुढं घ्यायचे. गाभाऱ्यासमोर आलो तेव्हा त्यांनी हात जोडले. आवाज हळू ठेवायची त्यांना सवय नव्हती. शेतात हाका मारून मारून तो मोठाच झाला होता.

"देवा, लेकरू वाईट न्हाई," ते म्हणाले. "नुसतं ध्यान ठिकाणावर न्हाई तिचं. तेवढं आणून दे. दुसरं काई मागत न्हाई."

शेजारच्या बाई माझ्याकडं वळून बघू लागल्या. मी खाली बघितलं. मनापासून हात जोडले, आणि जोडलेल्या हातांकडं बघता बघता समईच्या वातीचा काजळ धरलेला शेंडा दिसला, आणि त्यावरून मी कुठं गेले ते मला माहीत नाही. पुजाऱ्यानं प्रसाद पुढं केला तेव्हा अण्णांनी माझा हात धरून पुढं केला.

त्या चतुर्थ्या आम्ही बरेच महिने केल्या. प्रवेशाचा पेपर मी अर्धा कोरा देऊन आले.

मग अण्णांच्या ओळखीतून जालन्याच्या एका बियाणं कंपनीत नोकरी लागली. जालना बियाण्यांचं गाव आहे, बी.एस्सी. झालेल्या पोरांना तिथं काहीतरी काम मिळायचं. मला प्रयोगशाळेत घेतलं. बियाण्याचा प्रत्येक ढीग विक्रीला जाण्याआधी त्यातलं थोडं बी काढून उगवून बघतात. कागदाच्या कडेला पेन्सिलीनं ढिगाचा नंबर लिहायचा, कागद ओला करून त्यावर बिया ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची आणि ती उबदार कपाटात उभी करून ठेवायची. काही दिवसांनी उलगडून बघायचं, किती उगवल्या. तेवढ्यावर तो ढीग शेतकऱ्याकडं जाणार की नाही हे ठरायचं.

मला ते काम आवडलं. खोटं सांगत नाही, जीव लावून आवडलं. ओल्या कागदाचा वास, बाजरीच्या बियांतून आलेले केसासारखे पांढरे कोंब. आमच्या विभागाचे साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. एकदा कपाशीच्या एका नमुन्यात मला दुसऱ्याच वाणाच्या दोन-चार सरक्या दिसल्या. बाकी कुणाला दिसल्या नव्हत्या, रंगात म्हटलं तर काहीच फरक नव्हता. साहेबांनी भिंगाखाली धरून बघितल्या आणि म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे." घरी मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पेरणी तोंडावर आली होती, तेव्हा ते घडलं. रोज नमुन्यांचा ढीग यायचा. "आधी नंबर, मग बी," असा साहेबांचा नियम होता. मला तो पाठ होता, झोपेत विचारला तरी सांगितला असता. त्या दिवशी मी कागद पसरले, आणि एका शिपायानं येऊन कोठाराची किल्ली मागितली. मी उठून किल्ली शोधायला गेले. ड्रॉवरमध्ये किल्लीच्या आधी एक तुटलेला थर्मामीटर दिसला. तो टाकायला गेले. येताना नळ गळताना दिसला, तो बंद केला. परत टेबलाशी आले तेव्हा नंबर लिहून झालेत असं मला वाटलं, म्हणून बिया मांडल्या, गुंडाळ्या केल्या, कपाटात ठेवल्या. मी अख्खा दिवस काम केलं होतं. दमून घरी गेले होते.

काही दिवसांनी कपाट उघडलं तर एका पूर्ण ओळीच्या गुंडाळ्यांवर नंबर नव्हते. आतल्या काही बिया भरभरून उगवल्या होत्या, काही काळ्या पडून कुजल्या होत्या, आणि कोणती गुंडाळी कोणत्या ढिगाची, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. बाहेर ट्रक उभे होते. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे तेवढे दिवस माल अडकणार. साहेबांनी एकेक गुंडाळी हातात घेऊन फिरवून बघितली, कुठंतरी फिकट का होईना आकडा असेल म्हणून. मी शेजारी उभी होते. मला आठवून सांगायचं होतं. डोक्यात तुटका थर्मामीटर स्वच्छ दिसत होता, गळणारा नळ दिसत होता. नंबर नव्हते.

त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित सोपं झालं असतं. त्यांनी माझं टेबल भिंतीकडं तोंड करून लावून दिलं, शिपायांना ताकीद दिली की माझ्याकडं काही मागायला जायचं नाही, आणि एका नवीन मुलीला माझ्या शेजारी बसवलं. ती लिहायची, मी मांडायचे. बरेच महिने सगळं ठीक चाललं. मला वाटायला लागलं की मी आता सुधारले.

मग त्या मुलीला कांजिण्या निघाल्या आणि ती रजेवर गेली. एका शनिवारी जाताना कपाटातल्या ट्रेमध्ये पाणी भरायचं काम माझ्याकडं होतं. आत ओल राहावी म्हणून ते पाणी लागायचं. मी बादली भरून आणली, कपाटाशी ठेवली, दार उघडलं. पुढं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. सोमवारी सकाळी बादली जागच्या जागी भरलेली होती, आणि कपाटातले सगळे कागद कडक वाळून पापडासारखे झाले होते. कोंब सुतळीसारखे.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं.

"मी तुमच्यावर चिडलेलो नाही," ते म्हणाले. "मला समजत नाही, एवढंच. तुम्हाला काम येत नाही असं नाही. तुम्ही हुशार आहात. बादली तुम्हीच भरून आणली."

"हो सर."

"कपाटाजवळ नेली."

"हो सर."

"मग ओतली का नाही?"

सगळ्यांचा प्रश्न शेवटी इथंच येऊन थांबायचा, आणि मीही त्यांच्या बाजूला उभी राहून तोच प्रश्न विचारायचे. का नाही ओतली? मी म्हणाले, "मला माहीत नाही सर." त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एखाद्या आजारी माणसाला भेटून निघताना असतो तसा भाव होता. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाले, नंतर दुसरीकडं बघा. मी महिनाअखेरपर्यंत थांबले नाही. मला त्या भिंतीकडं तोंड केलेल्या टेबलावर शाळेच्या पोरीसारखं बसवेना.

त्यानंतरच्या नोकऱ्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बालवाडी, औषधाचं दुकान, एका वकिलांकडं टायपिंग. सगळीकडं पहिले काही आठवडे लोक खूश असायचे. स्थळंही यायची. एकदा पाहुणे बसलेले असताना मी चहा ठेवला आणि मागच्या दारात वासराशी बोलत उभी राहिले, घरभर जळकट वास सुटला. ते स्थळ गेलं. आईला पाहुण्यांपुढं बोलायला काही उरलं नव्हतं, ते मला जास्त लागलं.

नवं शतक लागलं होतं. एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत मी एक लेख वाचला. विषय होता चंचल मुलांचा. लक्ष न लागणं, वस्तू हरवणं, हातातलं काम अर्धवट सोडून उठणं, आणि आवडीच्या गोष्टीत मात्र तासन् तास बुडून जाणं. ह्या आजाराला नाव होतं, एडीएचडी. मी तो लेख उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. कुणीतरी आमच्या घरात राहून लिहिल्यासारखा होता. फक्त त्यात सगळीकडं "मूल" लिहिलं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते.

अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले. मनाच्या डॉक्टरकडं पोरीला नेलं, हे गावात कळलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. आईला सांगितलं, डोळे दाखवायला चाललो.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण वाईट नव्हते. मी बोलत असताना त्यांनी माझा पाय सतत हलतो हे बघितलं. मग म्हणाले, "हे लहान मुलांमध्ये असतं. साधारण वयात आलं की जातं."

"माझं गेलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. "असेलही. काहींचं राहतं, असं अलीकडं म्हणतात. पण मोठ्या माणसांना यावर आपल्याकडं गोळी कुणी देत नाही. मी तुम्हाला झोपेसाठी आणि उदासीसाठी लिहून देतो. प्राणायाम करा. लग्न झालंय?"

"न्हाई झालं," अण्णा म्हणाले.

"जबाबदारी आली की माणूस सावरतो," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. दोन्ही तिकिटं अण्णांनी स्वतःच्या टोपीत खोचली होती, माझ्याकडं द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. त्यांनी एक मोसंबी सोलली आणि फोडी माझ्या हातावर ठेवत राहिले.

"म्हंजे बिमारी हाये," ते म्हणाले.

"हाये."

"अन् औषध न्हाई."

"आपल्याकडं न्हाई म्हणले."

"मंग इतकी वर्षं मी तुला मनावर घे, मनावर घे म्हणून राह्यलो, ते..." त्यांनी मोसंबीच्या साली खिडकीबाहेर टाकल्या. बाहेर बघू लागले. मला वाटलं होतं, नाव कळलं की मोकळं वाटेल. तसं झालं नाही. आतापर्यंत घरात निदान आशा होती की पोरगी एक दिवस मनावर घेईल. त्या दिवशी तीही आम्ही त्या दवाखान्यात ठेवून आलो. त्यानंतर अण्णा मला कधीच रागानं बोलले नाहीत. ते बोलत होते तेव्हा बरं होतं, असं मला कधी कधी वाटायचं.

पुढं मला जे काम मिळालं ते योगायोगानं. बदनापूरला रस्त्यालगत एक एसटीडी बूथ होता. त्याचा मालक पोलिओमुळं एका पायानं अधू, तीन चाकी सायकलवरून यायचा. अपंगांच्या कोट्यातून त्याला तो बूथ मिळाला होता. त्याला दिवसभर बसवत नव्हतं म्हणून कुणीतरी हवं होतं. मी त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, नंबर, बादली, जळलेला चहा. तो ऐकत होता.

"माझा पाय लोकायला दिसतो ताई," तो म्हणाला. "म्हणून सरकारनं सर्टिफिकेट दिलं. तुमचं दिसत न्हाई, तुमाला कोन देणार? बसा तुमी. बघू."

आणि ते काम मला जमलं. माणूस यायचा, काचेच्या केबिनमध्ये जायचा, मीटरच्या डबीवरचे लाल आकडे पळायचे, तो बाहेर यायचा, चिठ्ठी आपोआप छापून निघायची. झालं. तो माणूस संपला की त्याचं काम संपलं. काही लक्षात ठेवायचं नाही, काही अर्धवट राहायचं नाही. माझं डोकं भटकायच्या आत पुढचा माणूस दारात असायचा. उसाच्या फडावरून नवऱ्याचा फोन येईल म्हणून बसून राहिलेल्या बायका, पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांचे बाप, अरबस्तानात गेलेल्या भावाशी उर्दूत बोलताना रडणारा एक टेलर. लोकांचे नंबर मला न लिहिता पाठ झाले. म्हातारी माणसं नंबराचा कागद घरी विसरून यायची आणि मी नंबर सांगायचे. मी कधी उशिरा गेले नाही. आईनं पुन्हा स्थळांची चौकशी सुरू केली. ती चार-पाच वर्षं माझी सगळ्यात चांगली वर्षं होती.

मग मोबाइल आले. आधी आडत्यांकडं, मग पोरांकडं, मग पोरांनी आई-बापांना घेऊन दिले. गर्दी हळूहळू आटली. मालकानं जुळवून घ्यायचं ठरवलं. बूथमध्ये रिचार्जची कार्डं ठेवली, नवीन सिमकार्डाचे अर्ज भरून घेऊ लागला. निरनिराळ्या कंपन्या, निरनिराळे दर, ग्राहकाचा फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, सही, आणि हे सगळं त्या त्या ग्राहकाच्या नावानं नीट जोडून पाठवायचं. पहिल्याच महिन्यात मी एकाचा फोटो दुसऱ्याच्या अर्जाला लावला. दुसऱ्याचा अर्ज सापडलाच नाही. मालक रात्री माझे कागद घरी नेऊन पुन्हा तपासत होता, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. त्याला पाय ओढत आणखी एक काम माझ्यामुळं लागलं होतं. मीच म्हणाले, मी उद्यापासून येत नाही. तो म्हणाला, "मी दुसरं काई देऊ शकलो असतो तर दिलं असतं ताई."

शेवटच्या दिवशी लाइन आधीच काढून नेलेली होती. मी गल्ला आवरत होते तेव्हा वाडीवरची एक म्हातारी आली. तिचा मुलगा पुण्याला होता, ती आठवड्याला एकदा यायची. तिनं रिकामी केबिन बघितली.

"बंद झालं का माय?"

"हो आजी. लाइन काढली."

"मंग मी आता कुठून बोलू?"

माझ्याकडं मोबाइल नव्हता. भावानं घेऊन दिलेला मी एसटीत विसरले होते. मालक जेवायला गेला होता. तिच्या मुलाचा नंबर मला पाठ होता. मी तिला म्हणाले, आजी, थोडं बसा, मालक येतील, त्यांच्या फोनवरून लावून देते. ती पायरीवर बसली. मीही तिच्याजवळ बसले.